जीडीबीचा ‘ॲट’ : विचाराल तेवढंच सांगणारा साक्षीदार

ऊर्जानगरला घरी आले की मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घ्यावं लागतं. खिडक्या-बटणांचा डीबगर त्या नेटवर रडतो, म्हणून मी जीडीबी वापरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेलं हे कमांड लाइनवरचं साधन आजही पीएचडीवाल्यांचा आधार आहे. त्यातल्या एकाच सोयीबद्दल आज थोडं कौतुक आणि बरीच तक्रार.

सी भाषेत ॲरे ‘मॅलॉक’नं घेतला, की हातात फक्त पॉइंटर येतो, म्हणजे पहिल्या घराचा पत्ता. घरं किती, हे त्या पत्त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून नुसतं ‘प्रिंट वारा’ म्हटलं तर जीडीबी पत्ता दाखवतो. आकडे हवे असतील तर ‘प्रिंट *वारा@२४’ म्हणायचं (टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं). वारा जिथे सुरू होतो तिथून २४ घरं. सुटसुटीत, आणि जीडीबीच्या मॅन्युअलमध्येही हेच शिकवलंय. पण तिथल्या उदाहरणात ॲरे आणि त्याची लांबी शेजारी-शेजारी असतात. आपल्या कोडमध्ये लांबी बहुतेक वेळा डोक्यात असते, आणि चूकही तिथेच असते.

माझंच सांगते. औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघणारी राख किती दूर, किती प्रमाणात पोचते, याचं गणित मी करते. त्यात वाऱ्याचा वेग भागाकारात येतो, म्हणजे वेग चुकला की धूळ चुकली. एका ॲरेत मध्यरात्र ते मध्यरात्र असे २५ वेग, आणि त्यावरून काढलेल्या दुसऱ्यात २४ तासांच्या सरासऱ्या. दुसऱ्यावरचं लूप मी चुकून २५ वेळा फिरवलं. शंका आली म्हणून जीडीबी उघडला, आणि तिथेही सवयीनं ‘@२५’ टाइप केलं. पंचवीस नीटनेटके आकडे आले. शेवटचा २.४ मीटर प्रति सेकंद. अगदी पटण्यासारखा! मी निश्चिंत.

तो आकडा आला कुठून? २४ डबल म्हणजे १९२ बाइट. माझ्या ६४-बिट लिनक्सवर मॅलॉक जागा १६ च्या पटीत देतो, त्यामुळे प्रत्यक्षात २०० बाइट वापरता येतात. म्हणजे पंचविसावं घर फुकट मिळालं. आणि २५ डबलच्या ॲरेलाही तेवढीच जागा लागते, म्हणून मोकळा केलेला आदल्या दिवसाचा ॲरेच पुन्हा हाती आला, शेवटच्या घरात जुना वारा तसाच ठेवून. प्रोग्रॅम कोसळला नाही, जीडीबीही काही बोलला नाही. जी चूक कोडमध्ये होती, तीच मी तपासणीत घातली आणि होकार मिळवला.

दोष पूर्ण जीडीबीचा नाही. फोर्ट्रानचा ॲलोकेटेबल ॲरे स्वतःची लांबी जवळ बाळगतो. सी++ च्या व्हेक्टरचंही तसंच. मुका आहे तो सीचा पॉइंटर. जीडीबी कधी कधी उपयोगीही पडतो. सेन्सर बंद पडून एकच आकडा सलग आला, की तो ‘इतक्या वेळा’ असं एकत्र दाखवतो, बिघाड लगेच दिसतो. मात्र मुळात तो २०० घटकांवर थांबतो. वर्षाच्या ८७६० तासांतले जेमतेम आठ दिवस पाहून ‘डेटा ठीक’ म्हणू नका. ‘सेट प्रिंट एलिमेंट्स ०’ करून पूर्ण बघा.

माझी तक्रार आहे ती आपल्या शिकवण्याशी. ‘ॲट’ सगळे शिकवतात, पण लांबी कुठून आणायची हे कुणी सांगत नाही. ती मॅलॉकच्या ओळीवर थांबून तिथूनच घ्या. मग एकदा व्हॅलग्रिंडखाली प्रोग्रॅम चालवा. मागितलेले बाइट तो लक्षात ठेवतो. माझी चूक त्यानंच पकडली: ‘१९२ बाइटच्या ब्लॉकनंतर ० बाइटवर’ वाचन. लूपमधलं एक चिन्ह बदलावं लागलं, आणि त्या महिन्याचे सगळे आकडे पुन्हा काढावे लागले.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं चंद्रपूरला देशातल्या अति-प्रदूषित क्षेत्रांत धरलं होतं. इथल्या धुळीच्या आकड्यावर लोक भांडतात, आणि भांडायलाच हवं. तो आकडा माझ्या प्रबंधातून जाणार असेल, तर पंचविसाव्या घरात कोण बसलंय हे आधी मला माहीत पाहिजे.