गाडी लागली का?

पेणला रामवाडीचा एसटी स्टँड हायवेला लागूनच आहे. आमचं घर तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. रोज संध्याकाळी चारच्या सुमाराला आजी पदर सारखा करून दारात येते आणि विचारते, "गाडी लागली का?" तिला रोह्याची गाडी हवी असते. रोहा तिचं माहेर. तिथे आता तिचं कुणी नाही. आईवडील जाऊन चाळीस वर्षं झाली आणि घरही विकलं गेलंय. पण गेल्या तीन वर्षांत तिच्या डोक्यातून बरंच काही पुसलं गेलं, तसं हेही पुसलं गेलं.

मागच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी आई दवाखान्यात गेली होती आणि आजीकडे बघायचं काम माझ्याकडे होतं. मी मोबाईलमध्ये होतो. मान वर केली तेव्हा दार उघडं होतं. आजी स्टँडवर सापडली. कलिंगडाच्या फोडी विकणाऱ्या एका बाईंनी तिला शेजारी बसवून चहा पाजला होता. मी तिला घरी आणलं. कसं आणलं, ते रात्री आईला दिसलं. आजीच्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते. "आई पडल्या का रे?" आईने विचारलं. मी "हो" म्हणालो.

या लेखात मला एका नाटकाबद्दल आणि एका सिनेमाबद्दल लिहायचं आहे. पण ते 'हो' आधी सांगितल्याशिवाय लिहिलं तर तो खोटेपणा होईल.

म्हाताऱ्या माणसांचा छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा 'नटसम्राट' येतं. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगमंचावर आलं. श्रीराम लागूंचे आप्पासाहेब बेलवलकर आपल्या पिढीने रेकॉर्डिंगमध्ये पाहिले आणि २०१६च्या सिनेमात नाना पाटेकरांचे गणपतराव पाहिले. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. निवृत्त नट आपलं होतं नव्हतं ते मुलाला आणि मुलीला वाटून टाकतो. मग मुलाच्या घरी नातीवरून खटके उडतात, मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो आणि म्हातारा-म्हातारी रस्त्यावर येतात.

आमच्याकडे हे नाटक लागलं की घरातलं मोठं कुणीतरी शेवटी म्हणतंच, "पोरं अशीच असतात." त्या आठवड्यात मी ते पुन्हा पाहिलं आणि पहिल्यांदाच हे वाक्य मला खटकलं. नाटक इतकं सोपं नाही, आपण ते सोपं करून घेतलंय. आप्पासाहेब अभिमानी आहेत, फटकळ आहेत आणि प्रत्येक खोलीला रंगमंच समजतात. त्यांच्याबरोबर रोज राहणं अवघड आहे, हे नाटककाराने लपवलेलं नाही. तरी पडदा पडल्यावर आपण घरी नेतो ते एकच चित्र: एका बाजूला थोर म्हातारा, दुसऱ्या बाजूला कृतघ्न मुलं. या चित्राची एक मोठी सोय आहे. ते पाहताना आपण कायम म्हाताऱ्याच्या बाजूला उभे असतो. खलनायक दुसराच कुणीतरी असतो.

या खेपेला माझं लक्ष कावेरीकडे गेलं. आप्पा तिला लाडाने 'सरकार' म्हणतात. नाटकभर त्यांना सांभाळते ती हीच. समजूत घालते, अपमान गिळते, निघायची वेळ आली की निघते. तीही म्हातारीच आहे, पण तिची काळजी घेणारं नाटकात कुणी नाही. ती मधेच मरते आणि तिच्या मरणाचं दुःखसुद्धा आपण आप्पांच्या तोंडून ऐकतो. स्वगतं आप्पांना आहेत, तिला एकही नाही. मराठी रंगभूमीवरच्या सर्वात गाजलेल्या म्हातारपणात सांभाळणाऱ्या बाईला विचारणारं कुणी नाही, याची आपण फारशी दखलच घेतलेली नाही. आमच्या घरी नऊवारीची निरी काढून देणं, गोळ्या मोजणं, रात्री दोनदा उठून अंथरूण बदलणं हे सगळं आई करते. नाटक पाहताना ती काय विचार करत असेल, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

कायद्यानेही जवळपास हेच चित्र मनात धरलंय. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीचा कायदा २००७ साली आला. त्याचं कलम २३ वाचताना आप्पासाहेबच आठवतात. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ती देणगी रद्द करून घेता येते. ही अट असल्याचं दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा, असंही म्हटलं. आप्पांनी तर कुठलीच अट घातली नव्हती. निर्वाहासाठी अर्ज करायचा तो प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याला किंवा संस्थेलाही तो करता येतो. मदतीसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे. हे सगळं हवंच. घर नावावर करून घेऊन आईला बाहेर काढणारी माणसं खरोखर असतात.

पण आजीच्या मनगटावरचे वळ या कलमात बसत नाहीत. मला तिची मालमत्ता नको होती. मला ती हवी होती, म्हणूनच मी घाबरलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या इथे जास्त उपयोगी पडते. ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा असते, तिथल्या एखाद्या कृतीने किंवा हवी ती कृती न केल्याने म्हाताऱ्या माणसाला इजा किंवा त्रास झाला, तर तो छळ. मारहाण त्यात आहेच, शिवाय बोलणं, पैसे आणि दुर्लक्षही आहे. हेतू काय होता, मागे प्रेम होतं का, असा प्रश्न ही व्याख्या विचारत नाही. हीच संघटना म्हणते की साठीपुढच्या साधारण सहांपैकी एका माणसाला वर्षभरात कुठल्यातरी प्रकारचा छळ सोसावा लागतो. इतकी माणसं त्रासात आहेत, म्हणजे त्रास देणारे सगळे खलनायक असतील हे पटत नाही. त्यात बरेचसे माझ्यासारखेही असणार.

या माणसांची गोष्ट मला सापडली ती 'अस्तु'मध्ये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा. संस्कृतचे विद्वान डॉ. चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झालाय. ही भूमिका मोहन आगाशे यांनी केली आहे आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. मुलगी इरा वडिलांना थोड्या वेळासाठी गाडीत बसवून कामाला जाते. तेवढ्यात त्यांना रस्त्यात एक हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्या मागोमाग निघून जातात. बाकीचा सिनेमा म्हणजे त्यांचा शोध.

ते गाडीतून उतरतात तिथे मी पॉज केलं. आजीची गाडी आणि शास्त्रींचा हत्ती यांत काही फरक नव्हता. आणि इराला मी ओळखलं. इरावती हर्षेची इरा वडिलांवर जीव टाकते आणि त्यांच्यावर वैतागतेही. ती थकलेली आहे. तिला शरम वाटते आणि शरम वाटते म्हणून चिडचिड वाढते. तिचं चुकलं हे सिनेमा लपवत नाही, पण तिला खलनायिकाही करत नाही. तिच्या शेजारी बसून पाहावं इतकी जागा तो आपल्याला देतो. 'नटसम्राट'मध्ये ती जागा सून किंवा मुलीच्या शेजारी मिळत नाही.

माझी 'अस्तु'बद्दल एक तक्रार आहे. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा शास्त्रींना जवळ करते, खाऊ घालते. ते तिला आई समजतात आणि ती होतेही. अमृता सुभाषचं हे काम फार सुंदर आहे आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण चन्नम्माकडे ते थोडाच वेळ आहेत. इराकडे ते रोज आहेत. परक्या बाईची माया आणि मुलीची दमणूक सिनेमा शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा नकळत तुलना होते आणि ती इराच्या बाजूने न्याय्य नाही. स्टँडवरच्या त्या बाईंनी आजीला प्रेमाने चहा पाजला. मी त्यांचा ऋणी आहे. पण पहाटे तीनला "गाडी लागली का?" हा प्रश्न सहाव्यांदा आला असता, तर त्यांनी काय केलं असतं हे मला माहीत नाही. चन्नम्माने काय केलं असतं, हेही मला माहीत नाही. शिवाय इराकडे गाडी आहे, पैसा आहे, आजाराचं नाव माहीत आहे. आमच्याकडे वर्षभर "वय झालं" एवढंच निदान होतं.

तरीही कुठली कलाकृती आज घराघरात पाहिली जावी असं विचाराल, तर मी 'अस्तु' म्हणेन. 'नटसम्राट' पाहून मी रडलो आणि झोपलो. 'अस्तु' पाहून मला झोप आली नाही. सकाळी आई पापडाचं पीठ मळत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आजी पडली नव्हती. मी ओढलं तिला."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग पिठातून हात न काढता म्हणाली, "मी एकदा बाहेरून कडी लावून दुकानात गेले होते. आल्यावर बघितलं तर दाराशी बसून रडत होत्या. तुझ्या बाबांना अजून सांगितलं नाही."

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळ माझी, मोबाईल कपाटात. त्या वेळात आई तिच्या बहिणीकडे जाते किंवा नुसती झोपते. आजीच्या बटव्यात घरचा नंबर लिहिलेला कागद आहे. कलिंगडवाल्या बाईंनाही आमचा नंबर देऊन ठेवलाय. डोकं फिरलं की दुसऱ्याला हाक मारायची आणि आपण खोलीबाहेर जायचं. बाबांनाही सांगून झालं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त रात्रीची एक पाळी स्वतःकडे घेतली.

आजीचा प्रश्न काही थांबलेला नाही. पूर्वी मी म्हणायचो, "रोह्याला कुणी नाही आता, आई गेली तुझी." प्रत्येक वेळी तिला ती बातमी नवीन असायची आणि प्रत्येक वेळी ती नव्याने रडायची. हाही छळच होता, फक्त त्याचे वळ दिसत नव्हते. आता ती चारला दारात आली की मी म्हणतो, "साडेपाचची आहे आजी. तोवर चहा घेऊ." ती बसते आणि बशीत चहा ओतते. रोह्याच्या घरामागच्या विहिरीबद्दल सांगते. साडेपाचला तिला गाडीची आठवण नसते. कधी असलीच, तर आम्ही दोघं स्टँडपर्यंत चालत जातो, गाड्या बघतो आणि परत येतो. येताना तिचा हात माझ्या हातात असतो. किती जोरात धरलाय, याकडे माझं लक्ष असतं.