तंबोऱ्याची पट्टी

मिरजेचा तंबोरा पाहताना नजर आधी नक्षीकडे जाते. भोपळ्याच्या कडेची वेलपत्ती, दांडीवरची पांढरी किनार. गिऱ्हाइकाची हौस तिथे दिसते. आवड कळायला तारा छेडाव्या लागतात.

सतारमेकर गल्लीतल्या कारागिराला भोपळा निवडण्याआधी पट्टी विचारावीच लागते. भोपळा वेलीवर वाढला तेवढाच. त्याच्या घेरावरून तबलीची रुंदी, दांडीची लांबी आणि तारांचा ताण ठरत जातो. काळी एकचा तंबोरा काळी चारला चढवला तर तारा तुटायला येतात, उलट केलं तर ढिल्या पडतात. 'मर्दानी' आणि 'जनानी' ही विभागणी दुकानाच्या सोयीची खरी, पण ती पुरत नाही. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज उंच पट्टीतला. त्यांच्याच किराणा घराण्यातल्या गंगूबाई हनगल यांचा भारदस्त, खालचा. म्हणून आवाज ऐकूनच माप घ्यायचं.

खरी नजाकत घोडीवर आहे. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. तार त्या उताराला चाटत कंप पावते आणि एका स्वरातून इतर स्वर उमलतात. खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो इथूनच. हीच जवारी. कुणाला ती खुली, झणकारणारी लागते, कुणाला बंद, गोलसर. 'गोड हवा' एवढ्या सांगण्यावर यातलं काहीच कळत नाही. गायकाला शेजारी बसवून सा लावायला सांगावा आणि कानस बेताने फिरवावी, कारण जास्त घासलं गेलेलं भरून येत नाही. बारीक फरक तेवढा तारेखालच्या सुती दोऱ्याने सावरतो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात ही कला मिरजेत रुजवली, हे घोडी घासताना पाहिलं की सहज पटतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दूरचं गिऱ्हाईक आता फोटो पाहून मागणी नोंदवू शकतं, आणि फोटोत पॉलिश आणि नक्षीच दिसणार. पण रंग शेवटच्या दिवशीही बदलता येईल, भोपळा नाही. मागणीसोबत आपल्या गाण्याची दोन मिनिटांची ध्वनिफीत पाठवावी. जवारी मात्र तंबोरा घरी पोचून तारा मुरल्यावर, जाणकाराला समोर बसवून पुन्हा लावून घ्यावी.