'द शॅलोज' आणि वर्गातील वाचन

निकोलस कार यांनी २००८ साली 'द अटलांटिक' मासिकातील निबंधात मांडलेला विचार २०१० मध्ये 'द शॅलोज' या ग्रंथात विस्ताराने आला. इंटरनेटवरील मजकुरात पदोपदी दुवे असतात. प्रत्येक दुव्यापाशी जावे की न जावे हे मनाला ठरवावे लागते आणि तेवढी शक्ती अर्थग्रहणातून वजा होते, हे त्यांचे प्रतिपादन आम्हांस सर्वांत सबळ वाटते. लेखनकलेवरही प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये असाच आक्षेप आहे. कार तो लपवीत नाहीत, हे विशेष. तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. ज्ञानेश्वरीतील ओवी बाजूस ठेवून तिचे तयार सार पाठ करण्याची सवय गाईडांनी इंटरनेटपूर्वीच लावली होती. दृष्टान्तांची मालिका न तोडता एक अध्याय सलग वाचून घेण्यास आज वर्गात किती तासिका मिळतात, ही चौकशी आम्हां अध्यापकांनाच करावी लागेल.