बिअरची पारख

आपल्या समाजाच्या समारंभांत बिअर आता नवी राहिलेली नाही. मेंदीची रात्र असो, लग्न असो की बार मित्झवा असो, एका कोपऱ्यात बर्फाने भरलेला टब असतो आणि त्यात बाटल्या माना वर करून उभ्या असतात. बाटली हाती घेणारा दोनच प्रश्न विचारतो : "थंड आहे ना?" आणि "कडक आहे ना?" चव कशी आहे, हे कोणी कोणास विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. बिर्याणीत मीठ कमी पडले, चिकाचा हलवा नीट जमला नाही, यावर मात्र आपल्या मंडळींची टीका दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पदार्थाची इतकी बारीक पारख करणारी जीभ बिअरपाशी आली की मुकी का होते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. नात्यातील एका मेंदीला आमच्या भाच्याने स्वतः घरी केलेली काळी बिअर आणली होती. पाच आठवडे खपून त्याने वीसेक बाटल्या भरल्या होत्या. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पेला नाकाशी नेला आणि विचारले, "अरे, ही बिअर आहे की काढा?" सगळे हसले. दुसरे म्हणाले, "काळी बिअर गोड असते रे. ही बिघडली तुझी." आम्ही स्वतः काही निराळे केले नाही. पेल्यात बर्फाचे दोन खडे टाकले, अर्धी प्यायलो आणि पेला कुंडीमागे ठेवून दिला. मुलगा हसला, काही बोलला नाही. रात्री उरलेल्या बाटल्या त्याने मुकाट्याने गाडीत भरल्या. पुढच्या समारंभास तो रिकाम्या हाताने आला.

आपल्या या सवयीची मुळे जुनी आहेत. आपल्यापैकी जे १९५० व १९६० च्या दशकांत मुंबई सोडून इकडे आले, त्यांनी दारूबंदीची मुंबई पाहिलेली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर परवान्यावाचून पेला हाती धरणे हा गुन्हा ठरला. ज्यांस परमिट मिळे ते भाग्यवान. बाकीच्यांच्या नशिबी हातभट्टी. लपून प्यावयाची वस्तू घाईने प्यावी लागते, आणि घाईने पिणारा चव पाहत नाही. चढली की नाही एवढेच पाहतो. पुढे बंदी सैल झाली, पण सवय राहिली. आजही भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये पाच टक्क्यांहून अधिक मद्यार्काच्या 'स्ट्राँग' बिअरचा वाटा मोठा आहे. इकडे आल्यावर त्यात उन्हाची भर पडली. दिमोना किंवा बेएर शेवा येथील ऑगस्टच्या दुपारी माणसास गार पेय हवेसे वाटले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु अति थंडीने जीभ बधिर होते, आणि बधिर जिभेला सगळ्या बिअर सारख्याच लागतात.

वास्तविक बिअर ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे. सातू भिजवून त्यांस मोड आणावयाचे, मग ते वाळवून भाजावयाचे. यालाच माल्ट म्हणतात. आपल्या आया नाचणीला मोड आणून सत्त्व करीत, त्याच जातीचे हे काम. थालीपिठाच्या भाजणीप्रमाणे येथेही सारा खेळ भाजण्याचा. दाणा हलका भाजला तर बिअर पिवळी व पावाच्या वासाची होते, अधिक भाजला तर तांबूस, आणि फारच भाजला तर कॉफीसारखी काळी. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवले की गोड पाणी उतरते. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळतात. त्यांनी कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय टिकते. नंतर यीस्ट घालून ते आंबवतात. उबदार जागी काही दिवसांत आंबते ती एल. थंडीत सावकाश आंबते आणि पुढे काही आठवडे गारठ्यात मुरते ती लागर. जगातील बिअरची दोन मोठी घराणी हीच.

बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध फर्मानाने बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच घालावे असे ठरवून दिले. त्यात यीस्टचे नाव नाही, कारण ते काय आहे हे त्या काळी ठाऊकच नव्हते. आपल्या पूर्वजांसही ते ठाऊक नव्हते, पण आंबणे म्हणजे काय हे त्यांना पक्के कळत होते. कोकणात पेसाहला 'अनशी ढाकाचा सण' म्हणत. अनशी म्हणजे आंबट रसाचे भांडे, ते या सणात झाकून ठेवीत. ज्या समाजाने सणाचे नाव आंबवणाच्या भांड्यावरून ठेवले, त्यास बिअर करणाऱ्याची कला परकी वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या टबातील बाटल्यांकडे वळू. मकाबी ही १९६८ पासूनची फिकी लागर. गोल्डस्टार तिच्याहून जुनी व रंगाने तांबूस. दोन्हींत मद्यार्क ४.९ टक्के. मकाबी स्वच्छ आणि हलकी आहे, परंतु पेला संपल्यावर तिच्यातले काही आठवत नाही. ती तहानेची बिअर आहे आणि तेवढे काम ती नीट करते. गोल्डस्टारमध्ये भाजलेल्या दाण्याची थोडी गोडी आहे. निखाऱ्यावरच्या मांसाबरोबर ती चांगली जाते. मात्र बर्फातून काढल्याबरोबर प्यायल्यास ही गोडी कळत नाही. दहा मिनिटे टेबलावर राहू द्यावी आणि मग घोट घ्यावा. आम्ही घरी आजही गोल्डस्टारच ठेवतो. आमचे म्हणणे एवढेच की, हीच म्हणजे बिअर असे समजू नये.

पिवळ्या लागरांचे मूळ पाहावयाचे असेल तर पिल्सनर घ्यावी. बोहेमियातील पिल्झेन शहरात योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिराने ती १८४२ साली प्रथम केली. तेथील मऊ पाणी, हलके भाजलेले माल्ट आणि त्या प्रांतातले सुगंधी हॉप्स यांचा असा मेळ बसला की पुढे जगाने तिच्या नकला काढल्या. पिल्सनर उर्क्वेल या नावाने ती आजही मिळते. आधी पावाची गोडी, मग ठाम कडवटपणा, आणि तो रेंगाळत असतानाच दुसऱ्या घोटाची इच्छा. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्यांना हा कडवटपणा समजावून सांगावा लागणार नाही. तिच्याशेजारी मकाबी ठेवून पाहिली, म्हणजे नक्कल करताना काय गळून गेले ते एका घोटात कळते.

बव्हेरियातील गव्हाची बिअर हा निराळाच प्रकार. निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचे असते आणि यीस्ट गाळून काढलेले नसते, म्हणून पेला गढूळ दिसतो. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. प्रत्यक्षात तिच्यात केळे नाही की लवंग नाही, हा सारा यीस्टचा प्रताप. कडवटपणा जवळजवळ नसतो. ज्यांना बिअर कडू म्हणून आवडत नाही त्यांनी प्रारंभ येथून करावा. नारळाच्या रसातील माशाबरोबर आम्हांस हिच्याइतके दुसरे काही जुळलेले दिसले नाही.

'इंडिया पेल एल' या नावाने आपली मंडळी फसतात. ही भारतीय बिअर नव्हे. ती भारतातल्या साहेबांसाठी विलायतेत केलेली बिअर. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनच्या कारखान्यातून कंपनीच्या जहाजांवर पिंपे चढत आणि आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करून मुंबई-कलकत्त्यास उतरत. हॉप्स भरपूर घातल्याने माल टिके. १८२० च्या दशकात बर्टनचे कारखानदार या व्यापारात उतरले आणि तेथील जिप्समयुक्त पाण्याने तिची चव अधिक खुलली. चांगल्या इंडिया पेल एलमध्ये संत्र्याच्या सालीचा, कधी पाइन झाडाच्या डिंकाचा वास येतो. अलीकडे मात्र काही जण हॉप्सचा असा मारा करतात की माल्ट जिभेला सापडतच नाही. सगळे तिखट घालून मीठ विसरलेल्या रश्श्याला कोणी चांगला म्हणणार नाही. तोच न्याय येथेही लावावा.

आता काळ्या बिअरविषयी. या देशात 'बिरा श्होरा' म्हटले की गोड, बिनमद्याचे माल्टचे पेय समोर येते. मुलेही ते पितात. त्यामुळे काळे म्हणजे गोड ही समजूत घट्ट बसली आहे. स्टाउट गोड असावीच लागत नाही. डब्लिनच्या गिनेसचा कारखाना १७५९ पासूनचा. तिची काळी छटा आणि कोरडी, कॉफीसारखी चव भाजलेल्या सातूची आहे. दुसरी समजूत अशी की काळी म्हणजे जबर. पिंपातून मिळणाऱ्या गिनेसमध्ये मद्यार्क सुमारे ४.२ टक्के, म्हणजे आपल्या मकाबीहून कमी! तिला बर्फ तर नकोच, फार गारवाही नको. दहा-बारा अंशांवर ती बोलू लागते.

बेल्जियमला तर स्वतंत्र लेख हवा. वेस्टमाल, शिमे, ऑर्व्हाल येथील मठांच्या बिअर काही सात, काही नऊ टक्क्यांच्या असतात. त्या टबातल्या बाटलीप्रमाणे घटाघट पिणारा पस्तावतो. ब्रसेल्सच्या आसपास होणाऱ्या लँबिकमध्ये यीस्ट घालीतच नाहीत. हवेतले जंतू येऊन बसतात आणि ती आंबट होते. आम्ही ती प्रथम चाखली तेव्हा कोकणातील दुपारच्या माडीची आठवण झाली. माडीलाही कोणी यीस्ट घालीत नाही. सकाळची गोड माडी दुपारी आंबट झाली म्हणून कोणी तिला बिघडली म्हणत नसे; वेळ झाली असे म्हणत.

आपल्या इस्राएलातही २००६ च्या सुमारापासून लहान कारखाने निघू लागले. त्या साली तेल अवीवमध्ये सुरू झालेल्या 'डान्सिंग कॅमल'ने डाळिंबासारखी येथील फळे बिअरमध्ये आणली. एमेक हेफेरमधील 'अलेक्झांडर'ने २००८ नंतर युरोपीय धर्तीच्या बिअर निगुतीने केल्या; त्यांची काळी पोर्टर आम्हांस विशेष आवडली. या नव्या मंडळींचा एक दोष सांगितला पाहिजे. फळ घातले, लेबल रंगीत केले की बिअर चांगली झाली, असे नव्हे. आणि किंमत पाहता सामान्य कुटुंबाने टबभर बाटल्या आणणे अवघड आहे. पण टबभर आणाव्यात असे कोण म्हणतो? चार बाटल्या आणाव्यात आणि आठ जणांत वाटून घ्याव्यात.

कोणी म्हणेल, समाजाच्या मासिकात हे मद्याचे स्तोत्र कशाला? किड्डुशसाठी आपल्या घरी मनुकांचे शरबत होते आणि पेसाहला बिअर घराबाहेर जाते, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु तालमूदमधील राव पापा हे खजुराची बिअर करणारे होते आणि त्याच धंद्यात श्रीमंत झाले, हेही तितकेच खरे. ज्यांना पिणे नको त्यांनी पिऊ नये. त्यांचा आम्ही आदरच करतो. मात्र आमचा अनुभव असा की, चवीसाठी पिणारा दोन पेल्यांवर थांबतो. थंड आणि कडक एवढेच मागणारा कोठे थांबतो, हे आपण सर्वांनी एकेका लग्नात पाहिले आहे.

शेवटी त्या भाच्याकडे येतो. मेंदीनंतर काही महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि जुन्या खेपेची एखादी बाटली उरली आहे काय, म्हणून विचारले. दोन होत्या. त्याने पेला तिरपा धरून सावकाश ओतली. बर्फ आम्ही मागितला नाही. वास चांगला होता, कडू चॉकलेटचा. फेस लवकर बसला. शेवटी घशाशी राखेसारखे काही लागत होते. आम्ही त्याला स्पष्ट सांगितले की काळा दाणा जास्त पडला आहे आणि अंगाने बिअर जरा पातळ आहे. वाटले, तो रागावेल. तो उठला, वही घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, पुढच्या खेपेला काळा दाणा निम्मा करतो. तुम्ही चाखायला याल ना?" घरच्या माणसांपैकी चवीविषयी त्याच्याशी बोलणारे आम्हीच पहिले, असे तो म्हणाला. मेंदीच्या रात्रीचे आमचे हसणे त्या क्षणी आम्हांस फार लागले.

वाचकांस आमची विनंती एवढीच की, पुढच्या समारंभात टबाशेजारी दोन-तीन निराळ्या बिअर ठेवाव्यात, लहान पेले ठेवावेत आणि बिर्याणीवर करतो तशी त्यांवर मनमोकळी टीका करावी. कोणास काय आवडले आणि कशाबरोबर जुळले, ते आम्हांस जरूर कळवावे.