प्राणेशाचार्यांचे परतणे

यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कन्नड कादंबरीची चर्चा बहुधा रूढी आणि बंडखोरी यांच्या द्वंद्वापाशीच थांबते. वस्तुतः तिच्या गाभ्याशी निराळाच प्रश्न आहे : आपल्या माणसांपासून तुटल्यावर जगण्याला अर्थ उरतो काय? नारणप्पाच्या प्रेतावर संस्कार करावा की नाही, याचा निर्णय दुर्वासपुरचा अग्रहार प्राणेशाचार्यांवर सोपवतो. त्या विश्वासानेच आचार्यांचे आयुष्य सार्थ झालेले असते. चंद्रीच्या सहवासानंतर हा आधार आतून ढासळतो. पुढे मेळिगेच्या देवळात सुतकात असतानाही ते पंगतीस बसतात आणि कोणी ओळखताच पानावरून उठून निघून जातात. कालपर्यंत जी ओळख जीवनाचे सार्थक होती, तीच आज भयाचे कारण होते. समूहात नुसते असणे पुरेसे नाही. काही न लपविता असता आले पाहिजे, हे येथे उमगते. म्हणूनच आचार्य दुर्वासपुराकडे वळतात. मात्र ज्या चंद्रीने अहमद बारीकरवी रात्रीतच दहन उरकले, तिला आपले म्हणणारे कोण, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. तिचे सामर्थ्य मान्य करूनही ही उणीव नोंदवावी लागते.