दोन भावांची झिंझोटी

'कोई हमदम ना रहा' ऐकायचे तर आपण आधी १९३६ सालच्या 'जीवन नैया'तले लावू. चाल सरस्वतीदेवींची, राग झिंझोटी, आणि आवाज त्याच चित्रपटातून नायक म्हणून पडद्यावर आलेल्या अशोककुमारचा. हा गळा गवयाचा नाही, हे पहिल्याच ओळीत कळते. अंधारात जिना उतरताना पाऊल चाचपून टाकावे तसा सूर जपून लावलेला, शब्द स्वच्छ, आणि ओळ संपताच आवाजही मिटलेला. पण या सावधपणातच एक निर्व्याज गोडवा आहे, कारण त्यामुळे चाल घडी न मोडता आपल्या हाती येते.

तशीच ती खांडव्याच्या एका पोराच्या कानीही आली. किशोर तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचा. गाणारा भाऊ त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठा.

आता १९६१चा 'झुमरू' लावू. संगीतकार स्वतः किशोरकुमार, तरी मुखडा थोरल्या भावाच्या गाण्याचाच. त्या मुखड्याच्या शेवटी येणाऱ्या 'रहा'मधल्या आकारापाशी क्षणभर थांबू या. अशोककुमारकडे तो पूर्णविराम आहे. किशोरकडे मात्र तोच आकार हलकेच पसरतो, कापतो, श्वासात विरतो, आणि त्या विरण्यात सोबत सुटलेल्या माणसाचे सगळे एकटेपण दाटून येते. १९४८च्या 'जिद्दी'त हाच गायक लहानपणीच्या दुसऱ्या दैवताची, सैगलची, छाया गळ्यात घेऊन गायला होता. इथे मात्र कुणाचीच नक्कल नाही. मला वाटते, भावाने जे गायले त्यापेक्षा लहानपणी आपल्याला जे ऐकू आले, तेच तो इथे गातो आहे, आणि मुलाच्या कानात गाणे नेहमीच मूळ गाण्याहून मोठे असते.

झिंझोटीवरून आणखी एक पोर आठवते. गदगच्या भीमसेनला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 'पिया बिन नहीं आवत चैन'च्या रेकॉर्डने असेच वेड लावले, आणि गुरूच्या शोधात तो घर सोडून निघाला. तीही झिंझोटीच! या रागाच्या मंद्रातल्या आर्जवात मुलांना काय सापडत असेल?

शिवाय 'झुमरू'च्याच शीर्षकगीतात किशोरचे यॉडलिंग आहे, परदेशी रेकॉर्डी ऐकून पोरवयात गळ्यावर चढवलेले. म्हणजे एकाच चित्रपटात बालपणाचे दोन ठेवे, एक हुंदडणारा, एक उसासणारा. पुढे १९६८च्या 'पडोसन'मध्ये भावाच्याच १९४१च्या 'झूला'तल्या 'एक चतुर नार'ची त्याने मन्ना डेंसोबत धमाल उडवली, तो आनंद वेगळाच.

पण आपण परत १९३६कडे जाऊ. अशोककुमारची ओळ संपते, आवाज मिटतो, आणि दुसरी ओळ उचलण्याआधीच्या त्या चिमूटभर शांततेत आता आपल्याला धाकट्याचा आकार ऐकू येऊ लागतो.