‘ही इमारत’ आणि ‘येथे’

विद्यापीठाचा परिसर वाटाड्याविना पायी पाहणाऱ्यास हातातील मजकूर हाच वाटाड्या असतो आणि त्या मजकुराचे सामर्थ्य दर्शक शब्दांत असते. गणेशखिंडीत ‘ही इमारत’ म्हणताच १८६४मध्ये बांधावयास घेतलेले गव्हर्नरांचे निवासस्थान डोळ्यांसमोर उभे राहते. १९४९मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाची तीच मुख्य इमारत. शब्द व वस्तू यांची तेथे सहज गाठ पडते. तथापि २०१४मध्ये विद्यापीठास दिलेल्या सावित्रीबाईंच्या नावामागील कार्य त्या आवारात घडलेले नाही. जोतीराव फुल्यांनी १८४८मध्ये मुलींची शाळा काढली व सावित्रीबाईंनी शिकविले, ते बुधवार पेठेतील भिडे वाड्यात. आवारापाशीच थांबणारी फेरी म्हणूनच वास्तूचा परिचय देते, नावाचा अर्थ देत नाही.

बुधवारात अडचण निराळी आहे. डिसेंबर २०२३मध्ये वाडा पाडण्यात आला आणि ‘हा वाडा’ हा प्रयोग निराधार झाला. उरला तो केवळ ‘येथे’. त्याला अर्थ देण्याचा भार आता सर्वस्वी वाक्यावर आहे. गणेशखिंडीत विशेषणांची उधळण खपून जाते. बुधवारात साल, नाव व कृती एवढ्यांवरच भागवावे लागते. मार्गदर्शक लेखनाची खरी परीक्षा तेथेच होते.